परमिट मिळालं म्हणजे काय मिळालं?

आपल्या मंडळातल्या मुलामुलींचं एक नवं वेड तुमच्याही कानावर आलं असेल. एरवी जिममधल्या भिंतीवर चढण्याचा सराव करायचा आणि सुट्टी मिळाली की युटा किंवा कॅलिफोर्निया गाठून खऱ्या कड्याला भिडायचं, नाहीतर दोर लावून अरुंद घळीत उतरायचं. ज्यांच्या घरी दर दिवाळीला मातीचा किल्ला होत असे, त्यांची नातवंडं कड्याकपाऱ्यांकडे वळली तर नवल कसलं? मला तरी आनंदच वाटतो.

या छंदाबरोबर आपल्या घरात 'परमिट' हा शब्दही आला आहे, आणि त्याबाबत दोन्ही पिढ्यांचा गैरसमज आहे असं माझं स्पष्ट मत आहे. मुलं म्हणतात, "डोंगर सगळ्यांचे, मग लॉटरी कसली?" आईवडील विचारतात, "परमिट मिळालंय ना? मग काळजी नाही." मुलांना ती अडवणूक वाटते, आईवडिलांना हमी. खरं तर परमिट त्या जागेच्या रक्षणासाठी असतं, तुमच्या नव्हे. एवढी एक गोष्ट ध्यानात घेतली की दोन्ही गैरसमज दूर होतात.

आधी मुलांचं गाऱ्हाणं. युटामधल्या झायन राष्ट्रीय उद्यानात २०२१ साली ५० लाखांहून अधिक लोक आले. त्यातल्या बहुतेकांना जायचं असतं ते एकाच मुख्य दरीत. एंजल्स लँडिंगच्या शेवटच्या, साखळ्या धरून चढायच्या अरुंद कण्यावर इतकी रांग लागू लागली की १ एप्रिल २०२२पासून तिथे लॉटरी आली. दोर लावून उतरायच्या घळींना तर झायनमध्ये परमिट लागतंच. 'सबवे' नावाच्या प्रसिद्ध घळीत दिवसाला ८० माणसांनाच प्रवेश आहे. घळ अरुंद, वाट एकच, आणि पाण्याची डबकी नाजूक. तिथे रोज पाचशे माणसं उतरली तर 'सगळ्यांचा' म्हणावा असा निसर्ग उरणारच नाही.

प्रत्येक नियम गर्दीसाठीच असतो असंही नाही. झायनमधले काही कडे १ मार्चपासून बंद होतात, कारण तिथे बहिरी ससाणा घरटं करतो. पिल्लं उडाली की कडे पुन्हा खुले. योसेमिटीत एल कॅपिटनसारख्या भिंतीवर रात्रीचा मुक्काम करणाऱ्यांना २०२१पासून परमिट घ्यावं लागतं. ते फुकट आहे आणि त्याला संख्येची मर्यादा नाही. त्यातून भिंतीवर कोण आहे हे रेंजरला कळतं आणि स्वतःची घाण स्वतः खाली आणायची हे चढणाऱ्याला बजावता येतं. वायोमिंगच्या डेव्हिल्स टॉवरवर तर जून महिन्यात चढू नका अशी नुसती विनंती आहे. तो सुळका अनेक मूलनिवासी जमातींना पवित्र आहे आणि जूनमध्ये त्यांचे विधी असतात. देवळाबाहेर चपला काढणाऱ्या माणसांना ही विनंती समजायला अवघड जाऊ नये.

मुलांच्या तक्रारीत एक मुद्दा मात्र रास्त आहे. एंजल्स लँडिंगच्या अर्जाचे ६ डॉलर लॉटरी लागली नाही तरी परत मिळत नाहीत. लागली तर माणशी ३ डॉलर वेगळे. मर्यादा हवी हे मान्य, पण हरणाऱ्यांकडूनही पैसे घेणं मला पटत नाही.

आता आईवडिलांकडे वळतो. १४ सप्टेंबर २०१५ रोजी झायनमधल्या कीहोल नावाच्या घळीत सात जण उतरले. त्यांच्याकडे रीतसर परमिट होतं. पुराची शक्यता त्या दिवशी उद्यानाने जाहीर केलेली होती. दुपारी पाऊस कोसळला, घळीत लोंढा आला आणि सातही जण गेले. त्यांना दोष द्यायला मी हे सांगत नाही. परमिट खिशात असताना काय होऊ शकतं, एवढंच दाखवायचं आहे.

मी आयुष्यभर जलविज्ञान शिकवलं, म्हणून थोडं मास्तरकीचं बोलतो. आपल्यापैकी अनेकांनी तरुणपणी पावसात सह्याद्री पालथा घातला आहे आणि "आम्हाला कुठे होतं परमिट?" असं आपण ऐटीत विचारतो. पण युटाचा पाऊस वेगळा. तिथेही जुलै ते सप्टेंबरच्या पावसाला मान्सूनच म्हणतात, मात्र त्याची झड लागत नाही. दुपारी ढग जमतात, कुठेतरी तासभर कोसळतात आणि निघून जातात. खाली उघडा वालुकाश्म. माती नाही, गवत नाही, पाणी मुरायला जागा नाही. मैलोगणती उतारावरचं पाणी वाहत येऊन चार-सहा फूट रुंदीच्या फटीत शिरतं. तुमच्या डोक्यावर निळं आकाश असतानाही लोंढा येऊ शकतो, आणि दोन्ही बाजूंना सरळ भिंती असल्या तर चढून जायला जागा नसते.

मग उद्यानाने परीक्षा घेऊनच परमिट द्यावं का? माझ्या मते नाही. तशी परीक्षा झाली की 'पास' झालेला माणूस ढगांकडे बघणंच सोडून देईल. झायनचं उद्यान सांगतं की तुमची सुरक्षितता ही तुमची जबाबदारी आहे. हे कानाला कठोर लागतं, पण प्रामाणिक आहे.

एक सुधारणा मात्र मी जरूर मागेन. महिनोन्महिने वाट पाहून तारीख मिळाली, सुट्टी काढली, विमानाचं तिकीट काढलं, की आकाश काळवंडलं तरी परत फिरावंसं वाटत नाही. लॉटरीची तारीखच माणसाला घळीत ढकलते. म्हणून हवामान बघून स्वतःहून माघार घेणाऱ्याला दुसऱ्या तारखेसाठी प्राधान्य मिळावं.

अशा मागण्या करता येतात, आणि त्या ऐकल्या जातात. नोव्हेंबर २०२३मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेने अभयारण्य दर्जाच्या भागातल्या कड्यांवरचे कायमचे बोल्ट मुळात निषिद्ध धरण्याचा मसुदा काढला. गिर्यारोहकांनी लेखी हरकती नोंदवल्या, लोकप्रतिनिधींना गाठलं. २०२४मध्ये मसुदा मागे घेतला गेला आणि जानेवारी २०२५मध्ये सही झालेल्या कायद्याने अशा बोल्टना मान्यता दिली. आपण जेवणाच्या टेबलावर भरपूर मतं मांडतो. ती लिहून पाठवायला काय हरकत आहे?

आईवडिलांनो, पुढच्या वेळी मुलं निघाली की "परमिट मिळालं का?" एवढ्यावर थांबू नका. घळीच्या वरच्या अंगाला पावसाचा अंदाज काय आहे? तुमच्यात दोर लावायला नीट शिकलेले किती जण आहेत? परत फिरायचं कोण ठरवणार, आणि बाकीचे त्याचं ऐकणार का? हे तीन प्रश्न विचारा. आणि तरुण मित्रमैत्रिणींनो, या प्रश्नांवर चिडू नका. उत्तरं तयार असतील तर खुशाल जा, आणि आल्यावर आम्हाला फोटो दाखवा.