लाल शाई जरा बाजूला ठेवूया

पाऊस सुरू झाला की शाळेत ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा निबंध ठरलेलाच! गेल्या जुलैत नववीच्या वह्यांचा गठ्ठा घरी आणला आणि रात्री ओटा आवरून तपासायला बसले. निम्म्या वह्यांत मोर थुईथुई नाचत होता आणि धरतीने हिरवा शालू नेसला होता. सगळं गाईडातलं!

एका मुलीने मात्र वेगळंच लिहिलं होतं. गाढी नदीचं पाणी गल्लीत शिरलं, तेव्हा तिने आणि आईने तांदळाचे डबे माळ्यावर चढवले आणि धाकट्या भावाला टेबलावर बसवलं. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका मात्र पुष्कळ. मी लाल गोल करत गेले आणि खाली ८ पैकी ३ गुण दिले. मोराला ६!

पुढच्या निबंधात तिच्याही वहीत मोर आला. विचारलं, तर म्हणाली, “बाई, मोराला मार्क मिळतात ना?”

त्या रात्री झोप लागली नाही. चूक तिची नव्हती, माझी होती. चांगला निबंध म्हणजे काय, हे मी मुलांना कधी सांगितलंच नव्हतं. फक्त गुण दिले होते. मग ठरवलं, मुलांनाच तपासायला शिकवायचं.

पहिल्या तासाला तीन निबंध नावं न सांगता वाचून दाखवले. त्यांत तिचा पहिला निबंधही होता, अर्थात तिला विचारूनच. चार-चार जणांच्या गटांनी क्रम लावायचा होता. बहुतेकांनी सर्वांत लांबलचक निबंध पहिला ठरवला. मग म्हटलं, “आता डोळे मिटा. काय आठवतंय?” सगळीकडून एकच उत्तर आलं, “तांदळाचे डबे!”

तिथून फळ्यावर मुलांनीच मोजपट्टी तयार केली. २०१९ सालापासूनच्या दहावीच्या आराखड्यात मराठी कुमारभारतीच्या निबंधाला ८ गुण होते, म्हणून आमचेही आठच : विषयाला धरून लिहिणं २, स्वतः पाहिलेलं-अनुभवलेलं २, परिच्छेदांचा क्रम २, भाषा आणि शुद्धलेखन २.

दुसऱ्या तासाला वह्यांची अदलाबदल. नावाऐवजी नुसता क्रमांक आणि हातात पेन्सिल. आधी आवडलेल्या वाक्याखाली रेघ, मग लिहिणाऱ्याला एक प्रश्न आणि गुण सर्वांत शेवटी. पहिल्यांदा गोंधळ झालाच. अक्षरावरून मैत्रीण ओळखली की पैकीच्या पैकी आणि भांडण असलं की दोन! म्हणून नियम केला की गुणाला पुरावा हवा, ज्या वाक्याला गुण दिला ते दाखवायचं. एक वही दोघांनी तपासायची. दोघांच्या गुणांत दोनपेक्षा जास्त फरक पडला, तर एकत्र बसून पुन्हा वाचायची. शेवटी सगळा निबंध नाही, फक्त एक परिच्छेद नव्याने लिहायचा. मुलं कंटाळत नाहीत.

‘माझा आवडता क्रांतिकारक’ या निबंधात एका मुलाने वासुदेव बळवंत फडके घेतले होते. जन्म १८४५, मृत्यू १८८३, एडनचा तुरुंग, सगळं बरोबर. तपासणाऱ्याने खाली प्रश्न लिहिला, “त्यांचं शिरढोण तर आपल्या पनवेलजवळच आहे. तू गेला होतास का?” रविवारी तो वडिलांबरोबर जाऊन आला. त्याचा नवा परिच्छेद मी दोनदा वाचला. इतका चांगला प्रश्न माझ्या लाल शाईला कधी सुचला नव्हता!

आणि ती मुलगी? वही घेऊन आली नि हळूच म्हणाली, “बाई, मोर काढून टाकू?” ऱ्हस्वदीर्घ अजून चुकतात, पण आता शेजारणीबरोबर शब्द शोधून स्वतःच दुरुस्त करते.

घरी आपल्यालाही हे जमण्यासारखं आहे. भाजी निवडताना मुलाला निबंध मोठ्याने वाचायला सांगा. मध्येच चुका काढू नका. आधी आवडलेलं एक वाक्य सांगा, मग विचारा, “हे तू पाहिलंस का? मग काय झालं?” शुद्धलेखन दुसऱ्या दिवशी पाहा. आणि स्वतः निबंध सांगून लिहून घेण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळा. मुलाचं वाक्य वेडंवाकडं असलं, तरी ते त्याचं असतं!