मातृत्वलाभावरील कर: समन्यायाचा आभास

आयर्लंडच्या सरकारने 1 जुलै 2013 पासून मातृत्वलाभाच्या रकमेवर आयकर बसविला, तेव्हा समर्थकांचा युक्तिवाद वरकरणी बिनतोड होता. वेतनावर कर आहे, बेकारभत्त्यावर कर आहे, मग वेतनाची जागा घेणारा हा लाभच तेवढा करमुक्त का; शिवाय ज्यांचे मालक या लाभात भर घालून वेतन पुरे करतात, अशा काही स्त्रियांच्या पदरी रजेच्या काळात कामावर असतानापेक्षाही अधिक रक्कम पडते, ती विसंगती खजिन्याने का सोसावी?

विसंगती खरी होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु तिच्यावरचा इलाज आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशा जातीचा होता. प्रसूतिरजेत वेतन देण्याची सक्ती आयरिश कायदा मालकावर करीत नाही. तेव्हा जिला मालकाकडून कपर्दिकही मिळत नव्हती आणि जिची सारी भिस्त आठवड्याच्या 262 युरोंच्या कमाल लाभावर होती, तिच्यावरही 20 टक्के दराने 26 आठवड्यांत सुमारे 1362 युरोंचा बोजा पडला. अल्प उत्पन्नाला कर लागतच नाही, हे समाधानही अपुरे आहे, कारण मध्यम वेतनाच्या स्त्रीची करसवलत वर्षाच्या उरलेल्या महिन्यांतील पगारातच संपून जाई. वसुलीची रीतही अशी की लाभ पुरा हाती द्यावयाचा, आणि तिची, किंवा एकत्र आकारणी असल्यास पतीची, सवलत घटवून पगारातून तो अंश परत घ्यावयाचा.

वस्तुतः कमाल मर्यादेने बांधलेली ही रक्कम बहुतेकींच्या वेतनाचा केवळ अंश असते. उरलेल्याचा त्याग मातेने आधीच केलेला असतो, आणि अपत्यसंगोपनाचा लाभ तर साऱ्या राष्ट्राला होतो. मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्रहिताचे असल्याने तिचा भार सरकारनेही उचलावा, हे तत्त्व डॉ. आंबेडकरांनी 1928 सालीच मुंबईच्या विधिमंडळात मांडले होते. स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने 3 ऑक्टोबर 2018 रोजी सामाजिक सुरक्षा संस्थेकडून मिळणारा मातृत्वलाभ करमुक्त ठरविला, आणि 2014 पासूनचा कर तेथील सरकारला परत करावा लागला.

कर घ्यावयाचाच असेल, तर तो वजा जाऊन मातेच्या हाती पूर्वीइतकीच रक्कम राहील, एवढी वाढ आधी लाभात करावी. आयर्लंडने उलट जानेवारी 2014 पासून नव्या मातांसाठी कमाल दर 230 युरोंवर आणला. समन्यायाच्या नावाखाली केलेली ही काटकसर होती, आणि ती सर्वाधिक गैरठिकाणी केलेली होती.