हप्ता विचारू नका, गाडी शेवटी कितीला पडते ते विचारा

मंडळी, पोस्ट थोडी मोठी आहे. पण घरात कुणी सेकंड हँड गाडी घ्यायच्या विचारात असेल तर शेवटपर्यंत वाचा आणि त्यालाही वाचायला लावा.

सोयाबीनचे पैसे हातात आले की आपल्या बार्शीत जुन्या गाड्यांच्या यार्डांवर गर्दी वाढते. यातली बहुतेक पोरं हौसेनं आलेली नसतात. कुणाला पहाटे डेअरीला दूध घालायचं असतं, कुणाला मार्केट यार्डात सातच्या आत पोचायचं असतं, कुणाची कामावरची शिफ्ट रात्री संपते आणि तेव्हा गावाकडं जायला एसटी नसते. गाडी नसेल तर रोजगार बुडतो. म्हणूनच या बाजारात चाललेल्या प्रकारावर गप्प बसणं बरोबर वाटत नाही.

यार्डात गेल्यावर आपली माणसं पहिला प्रश्न काय विचारतात? "हप्ता किती बसंल?" किंमत नाही, व्याज नाही, हप्ता. सगळी गोम इथंच आहे. हप्ता परवडतो म्हटलं की गाडीची किंमत कुणी बघत नाही. आणि किंमत कुणी बघत नाही हे विकणाऱ्याला पक्कं माहीत असतं.

साधा हिशेब मांडतो. समजा शंभर सीसीची, पाचवं वर्ष चालू असलेली गाडी आहे. यार्डवाला 70 हजार सांगतो. 10 हजार रोख भरा, 60 हजारांचं फायनान्स करून देतो म्हणतो. व्याज 15 टक्के, मुदत 24 महिने, हप्ता 3,250. ऐकायला काहीच वाटत नाही. आता गुणाकार करा. 3,250 गुणिले 24 म्हणजे 78 हजार. त्यात तुमचे रोख 10 हजार मिळवा. झाले 88 हजार. नाव बदलण्याचा खर्च, विमा, टायर, बॅटरी वेगळी. म्हणजे पाच वर्षं वापरलेल्या गाडीला आपण जवळपास शोरूमच्या कोऱ्या गाडीचे पैसे मोजले.

आता त्या 15 टक्क्यांकडं या. हा फ्लॅट रेट आहे. त्यात दोन वर्षं पूर्ण 60 हजारांवर व्याज लावलं जातं. पण तुम्ही तर दर महिन्याला मुद्दल फेडत असता. वर्षभरानं तुमच्याकडं निम्म्याच्या आसपासच रक्कम उरलेली असते, व्याज मात्र तुम्ही पुऱ्या रकमेचं भरत असता. घटत्या शिलकीवर हिशेब केला तर तेच कर्ज साडेसव्वीस टक्क्यांच्या आसपास जातं. त्यात फाइल चार्ज म्हणून साडेतीन हजार आधीच कापून घेतले तर खरा दर 33 टक्क्यांच्या घरात पोचतो. सांगितले 15, पडले 33. गावातल्या खासगी सावकाराला आपण नावं ठेवतो. इथं फक्त एसी ऑफिस आणि छापील पावती आहे.

तिसरी गोष्ट यापेक्षा गंभीर आहे. विम्यात गाडीची जी किंमत धरतात तिला आयडीव्ही म्हणतात. ठरलेल्या तक्त्याप्रमाणे चार ते पाच वर्षांच्या गाडीला 50 टक्के घसारा धरतात. त्या मॉडेलची आजची कंपनीची किंमत 75 हजार असेल तर आयडीव्ही होते साडेसदतीस हजार. उद्या गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी फार तर एवढेच देणार आणि डोक्यावर कर्ज 60 हजारांचं. वरचे साडेबावीस हजार कुठनं आणायचे? तेही पूर्ण विमा असेल तर. 2018 च्या सप्टेंबरपासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. त्यामुळं यार्डवाला "विमा चालू आहे" म्हणतो ते खोटं नसतं. पण थर्ड पार्टीत आपली गाडी चोरीला गेल्याचा एक रुपया मिळत नाही. विमा कुठला, हे कागद हातात घेऊन वाचा.

आयडीव्ही म्हणजे बाजारभाव नव्हे, हे मान्य. चांगली ठेवलेली गाडी त्याहून जास्तीला जाते. पण साडेसदतीस आणि सत्तर यांच्यात जी दरी आहे ती गाडीच्या ताकदीची नाही, कर्ज सहज मिळतं त्याची आहे. दुसरं म्हणजे 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. 80 हजारांच्या नव्या गाडीमागं साधारण सव्वासहा हजार कमी झाले. मग जुन्या गाड्यांचे भाव त्या मानानं उतरायला नकोत का? यार्डात गेल्यावर हा प्रश्न जरूर विचारा.

आता कागदांचं. गाडीवर आधीचं कर्ज असेल तर आरसीवर फायनान्स कंपनीचं नाव असतं. ते उतरवायला त्या कंपनीची एनओसी आणि फॉर्म 35 लागतो. "एनओसी येतीय, तुम्ही गाडी न्या" या भरवशावर गाडी नेली आणि जुन्या मालकाचे हप्ते थकलेले निघाले, तर एक दिवस वसुलीवाले गाडी ओढून नेतात. पैसे तुमचे गेले, गाडीही गेली. पैसे देण्याआधी एम-परिवहनवर नंबर टाकून कर्ज, विमा, मुदत बघा. थकलेले ई-चलनही तपासा, दंड मागच्या माणसाचा असला तरी गाडी नावावर करताना तो आपल्यालाच आडवा येतो.

विकणाऱ्यांनो, तुमच्यासाठीही सांगतो. कोऱ्या टीटी फॉर्मवर सह्या करून गाडी यार्डात सोडायची आणि विसरून जायचं, हे थांबवा. कायद्यानं विकणाऱ्यानं 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्यानं 30 दिवसांत नावावर करायची असते. आरसीवर तुमचं नाव राहिलं आणि त्या गाडीनं कुणाला उडवलं, तर भरपाईसाठी मालक तुम्हीच धरले जाता. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये हे स्पष्ट केलंय. गाडी तीन हात फिरली होती, हे सांगून सुटका होत नाही.

यार्डवाल्यांची बाजूही ऐकलीय. त्यातले काही माझे मित्र आहेत, दिवाळीला आमच्या पेपरला जाहिरातही देतात. ते म्हणतात, ज्याच्याकडं पगाराची स्लिप नाही, सिबिल नाही, त्याला बँक दारात उभं करत नाही. आम्ही गाडी देतो. हप्ते बुडवणारेही असतात, छोट्या कर्जाच्या वसुलीचा खर्चही असतो. हे सगळं खरं आहे. दर जास्त का, याचं हे कारण असू शकतं. दर लपवायचं हे कारण होऊ शकत नाही. 26 टक्के लावायचे असतील तर 26 सांगा, मग घ्यायचं की नाही ते पोरगं ठरवेल.

आणि हे सांगणं आता कुणाच्या मर्जीवर नाही. 1 ऑक्टोबर 2024 पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांनी प्रत्येक नव्या किरकोळ कर्जाआधी की फॅक्ट स्टेटमेंट द्यायचं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यात सगळे चार्जेस धरून वर्षाचा खरा दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवं, आणि त्यात नसलेला चार्ज तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. यार्डातल्या टेबलावर दहा सह्या घेतात, हा एक कागद मात्र दाखवत नाहीत. तो मागा. पतसंस्था सहकार खात्याखाली येतात, त्यांना हा नियम लागू नाही, तिथं एकूण किती फेडायचे ते लेटरहेडवर लिहून घ्या. बँकेनं किंवा फायनान्स कंपनीनं दाद दिली नाही तर आधी त्यांच्याकडं लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं, माहितीसाठी 14448 नंबर आहे. वसुलीचे फोनही सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर करता येत नाहीत.

शेवटी आरटीओला एक मागणी. जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या डीलरला 1 एप्रिल 2023 पासून अधिकृत नोंदणी लागते. गाडी त्याच्याकडं दिल्याची नोंद पोर्टलवर झाली की जबाबदारी त्याच्यावर जाते. नियम चांगला आहे. मग तालुक्यातल्या किती यार्डांकडं ही नोंदणी आहे, त्याची यादी जाहीर करा. कॅम्पच्या ठिकाणी फलकावर लावा. रस्त्यावर पोरांचं हेल्मेट तपासता तसं एकदा यार्डांचं रजिस्टरही तपासा. ही मागणी मी लेखी देतोय, उत्तर आलं की इथंच टाकतो.

तोवर तुम्ही एवढं करा. हप्ता ऐकला की मोबाइलवर त्याला महिन्यांनी गुणा, रोख भरणा मिळवा, आणि तो आकडा मोठ्यानं यार्डवाल्याला वाचून दाखवा. मग भावाची बोलणी सुरू करा.

कुणाकडं असं कर्ज चालू असेल तर कर्जाची रक्कम, हप्ता आणि महिने एवढंच कमेंटमध्ये टाका, नाव-गाव नको. खरा दर काढून देतो.