जुनी करवत भंगारात का द्यावी?

विजेची जुनी करवत घरघर करू लागली की लोक म्हणतात, "भंगारात द्या." मला हे पटत नाही. पुष्कळदा मोटरचे बेअरिंगच झिजलेले असते. ते वेळीच बदलले नाही, तर मोटरचा फिरणारा भाग आत घासतो आणि मोटर जळते.

एखाद्या उस्तादाजवळ बसून हे काम पाहा. तो आधी प्लग काढतो, मग पुलरने जुने बेअरिंग काढतो. त्यावर ६२०१ असा क्रमांक असेल, तर आतले छिद्र १२ मिलिमीटरचे असते. त्याच क्रमांकाचे नवे बेअरिंग तो आतल्या कड्यावर दाब देऊन दांड्यावर बसवतो. बाहेरच्या कड्यावर ठोकले, तर आतल्या गोळ्यांचा मार्ग खराब होतो.

या कामात हात काळे होतात, पण एका सुताराची रोजी वाचते. मग हे काम हलके कसे?