विक्री ऑनलाइन, पण उचल कोणाची?

ग्रामीण भागातील लहान उत्पादकाला बाजारपेठ मिळवून देण्याचा एक सोपा उपाय अलीकडे सर्व व्यासपीठांवरून सांगितला जातो. त्याने मोबाइल हाती घ्यावा, आपल्या मालाची छायाचित्रे पाठवावीत, गिऱ्हाइकाशी थेट संबंध जोडावा. मग मध्यस्थ आपोआप बाजूला पडेल, असे या उपायाचे स्वरूप आहे. या सांगण्यात तथ्य नाही असे कोणी म्हणणार नाही. परंतु मध्यस्थाची सत्ता नेमकी कशावर उभी आहे याचा विचार न करता सुचवलेला हा उपाय, ज्याला त्याची सर्वाधिक गरज आहे त्याच्यापर्यंतच पोहोचत नाही. कोकणातील हापूस आंब्याचा व्यापार या दृष्टीने तपासून पाहण्यासारखा आहे.

२०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदी लागू झाली, तेव्हा रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील आंबा काढणीला येत होता. वाशीची घाऊक बाजारपेठ अधूनमधून बंद राहिली आणि पिढ्यान्‌पिढ्यांची वाट अडली. त्या अडचणीतून एक वेगळी वाट निघाली. मुंबई-पुण्यातील गृहनिर्माण संस्थांनी मोबाइलवर मागण्या एकत्र केल्या, बागायतदारांनी पेट्या थेट इमारतीच्या दारात उतरवल्या आणि पैसे बँक खात्यांत जमा झाले. त्याच वर्षी मे महिन्यात एस. टी. महामंडळाने मालवाहतूक सुरू केली. दलालाची पट्टी येईपर्यंत आपला माल काय भावाने गेला हे ज्याला कळत नसे, त्या बागायतदाराने स्वतःच्या मालाचा भाव प्रथमच स्वतः सांगितला. हा अनुभव मोलाचा होता आणि टाळेबंदी उठल्यानंतरही थेट विक्रीची ही पद्धत टिकून राहिली.

परंतु या यशाचे श्रेय केवळ यंत्राला देणे चुकीचे ठरेल. कोकणाचे मुंबईशी असलेले नाते मोबाइलच्या आधीपासूनचे आहे. गिरण्यांच्या काळापासून चाकरमान्यांनी वाडीवाडीची ग्रामस्थ मंडळे मुंबईत स्थापन केली आणि शिमग्याला व गणपतीला गावाशी असलेली गाठ घट्ट ठेवली. न पाहिलेल्या पेटीचे पैसे आगाऊ पाठवणारे गिऱ्हाईक अनोळखी नव्हते. ते कोणाच्या तरी ओळखीचे होते. कापल्यावर आंब्यात साका निघाला, तर तक्रार कोणाकडे करायची हे त्याला ठाऊक होते. बाजाराला लागणारा विश्वास असा आधीच तयार होता. मोबाइलने त्याला गती दिली, त्याची निर्मिती केली नाही. म्हणूनच ज्यांची माणसे मुंबईत चांगल्या वस्तीत स्थिरावली होती त्यांच्या पेट्या लवकर खपल्या, आणि ज्यांची तशी ओळख नव्हती त्यांना वाशीच्या बाजाराची वाट पाहावी लागली.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. बागायतदार आंबा वाशीला पाठवतो तो केवळ दुसरी वाट ठाऊक नाही म्हणून नव्हे. पाऊस सरला की बागेचा खर्च सुरू होतो. मोहोर येण्याआधीपासून फवारण्या, त्यांची औषधे, राखणीची माणसे, पुढे काढणी, खोकी आणि वाहतूक, असा हा खर्च महिनोन्‌महिने चालतो. उत्पन्न मात्र मार्च ते मे या अवधीत हाती येते. मधल्या काळातला पैसा दलाल देतो. ही उचल घेतली की पेटी कोणाकडे जाणार हे आंबा धरण्यापूर्वीच ठरून जाते. भाव काय लागला, तूट किती धरली, हे विचारण्याची नैतिक ताकद घेणेकऱ्याकडे असते, देणेकऱ्याकडे नसते. ज्याला उचलही झेपत नाही तो आपली मोजकी कलमे मोहोरावरच कराराने देऊन मोकळा होतो. अशा माणसाच्या हाती कितीही उत्तम मोबाइल दिला, तरी त्याच्याजवळ विकायला स्वतःचा आंबा उरलेला नसतो.

येथे दलालाला केवळ खलनायक ठरवून भागणार नाही. तो रात्री आलेल्या एका फोनवर पैसे पाठवतो, कागद मागत नाही, आणि पीक बुडाले तर येणे पुढच्या हंगामावर टाकतो. बँक यातले काहीच करीत नाही. किसान क्रेडिट कार्डाची योजना १९९८ पासून आहे, पण कोकणातील लहान खातेदाराला ती सहज लाभत नाही, याचे एक कारण सातबाऱ्यात आहे. एकेका उताऱ्यावर तीन पिढ्यांच्या वारसांची नावे असतात. त्यांतले काही मुंबईत, काही परगावी, काहींचा पत्ताच नाही. सामाईक जमिनीवर कर्ज घ्यायचे तर साऱ्यांच्या सह्या हव्यात. त्या मिळेपर्यंत मोहोर येऊन गेलेला असतो. दलालाची सत्ता अशा रीतीने संस्थात्मक पतपुरवठ्याच्या अभावातून उपजलेली आहे. अभाव तसाच ठेवून विक्रीची केवळ खिडकी बदलली, तर लाभ होईल तो ज्याच्या गाठीला हंगामाचा खर्च आहे त्याचा.

हे निदान नवे नाही. ए. डी. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या ग्रामीण पतपाहणीचा अहवाल १९५४ साली प्रसिद्ध झाला; धनंजयराव गाडगीळ त्या समितीचे सदस्य होते. १९५१-५२ मध्ये शेतकऱ्याच्या कर्जापैकी जेमतेम ३ टक्के कर्ज सहकारी संस्थांकडून मिळत होते आणि सुमारे ७० टक्के सावकारांकडून, असे त्या पाहणीत आढळले. कर्ज आणि विक्री यांची सांगड घातल्याशिवाय शेतकरी सावकार-व्यापाऱ्याच्या हातून सुटणार नाही, हे त्या अहवालाचे सार होते. त्याच सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याने ही सांगड प्रत्यक्षात कशी दिसते ते दाखवले. सभासदाचे पीककर्ज उसाच्या बिलातून वळते होते, म्हणून सोसायटी निर्धास्तपणे कर्ज देऊ शकते. उसाला जे लाभले ते आंब्याला, काजूला, कोकमाला लाभले नाही. कारण उसाला कारखान्याचे एकच फाटक असते, आणि आंब्याला शंभर वाटा असतात.

आता या शंभर वाटांत ऑनलाइन बाजारपेठांची भर पडली आहे. त्यांच्याविषयी भाबडेपणा नको. १९६३ च्या बाजार समिती कायद्यामागे निदान एक तत्त्व होते: लिलाव उघड्यावर व्हावा, वजन सर्वांसमक्ष व्हावे, आणि बाजाराच्या कारभारात शेतकऱ्याचा प्रतिनिधी असावा. व्यवहारात हे तत्त्व किती पायदळी तुडवले गेले हे सर्वश्रुत आहे. तरी ते मोडले असे म्हणायला तत्त्व तरी होते. खासगी ऑनलाइन बाजारपेठेत कोणाचा माल पडद्यावर आधी दिसावा, हे बाजारपेठेचा मालकच ठरवतो. पुढची जागा हवी असेल तर जाहिरातीचे दाम मोजावे लागतात. आणि गिऱ्हाइकाची ओळख विक्रेत्याची न राहता मालकाची होते. काही ठरावीक विक्रेत्यांना झुकते माप दिले जाते, या तक्रारींवरून स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये अॅमेझॉन आणि फ्लिपकार्ट यांच्या व्यवहारांच्या चौकशीचा आदेश दिला होता. जेथे मोठमोठे व्यापारी दाद मागतात, तेथे दोनशे पेट्यांच्या बागायतदाराचा आवाज कितीसा पोहोचणार? ३१ डिसेंबर २०२१ रोजी नोंदणी झालेल्या ओएनडीसी या खुल्या व्यापारी जाळ्याची कल्पना याहून निश्चितच चांगली आहे, कारण त्यात बाजारपेठ एका मालकाची राहत नाही. परंतु जाळे खुले असले, तरी त्यात एकटादुकटा शिरणारा माणूस एकटादुकटाच राहतो.

बचत गटांतील स्त्रियांची अडचण थोडी निराळी आहे. त्यांना उचलीपेक्षा नियम अधिक आडवे येतात. ताज्या आंब्यावर वस्तू व सेवा कर नाही. कोकम सरबतावर आहे. ४० लाखांच्या आतील उलाढालीला राज्यात नोंदणीची सक्ती नाही, आणि ऑक्टोबर २०२३ पासून राज्यांतर्गत ऑनलाइन विक्रीलाही ती सवलत मिळाली. पण राज्याची सीमा ओलांडली की सक्ती सुरू होते. सावंतवाडीच्या गटाने दूरच्या नागपूरला सरबताच्या बाटल्या पाठवल्या तर चालते. हाकेच्या अंतरावरील गोव्यात म्हापशाला पाठवायच्या, तर पहिल्या बाटलीपासून नोंदणी करावी लागते आणि त्यामागून विवरणपत्रे येतात. हा हिशेब दहा बायकांचा एक गट सांभाळू शकत नाही; पन्नास गटांचा संघ एक कारकून नेमून सहज सांभाळू शकतो.

उपाय त्यामुळे यंत्राच्या अलीकडे, गावातच शोधावा लागेल. त्यासाठी लागणारी संस्था अस्तित्वात आहे: गावची विविध कार्यकारी सोसायटी. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्या संगणकाने केवळ थकबाकीच्या याद्या छापायच्या, की सभासदाचा मालही विकायचा, हा खरा प्रश्न आहे. सोसायटीने पावसाळा संपताच बागेच्या खर्चासाठी उचल द्यावी. सामाईक सातबाऱ्याच्या जागी प्रत्यक्ष कसणाऱ्याच्या उभ्या पिकाचा पंचनामा आणि शेजारच्या चार सभासदांची हमी पुरेशी मानावी. प्रतवारी आणि भरणी एका ठिकाणी व्हावी. २०१८ साली हापूसला मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचा वापर करण्यासाठी लागणारी नोंदणी सोसायटीने सभासदांना करून द्यावी, म्हणजे बाहेरचा आंबा हापूस म्हणून खपवणाऱ्यांना जाब विचारता येईल. गिऱ्हाइकांची नोंदवही सोसायटीची असावी. पैसे तिच्या खात्यात यावेत आणि उचल वळती होऊन उरलेली रक्कम त्याच दिवशी सभासदाला मिळावी. उसाला कारखान्याच्या फाटकाने जे दिले, ते आंब्याला या सामाईक खात्याने देता येईल. मोबाइलचा खरा उपयोग येथे आहे.

यावर अपेक्षित आक्षेप आहे, आणि तो खोटा नाही. महाराष्ट्रातील सहकाराची अवस्था पाहून पुन्हा सहकाराचेच नाव घेण्यात काय अर्थ, असे लोक विचारतील. कारखाने घराण्यांच्या ताब्यात गेले, जिल्हा बँका बुडाल्या, सभासद केवळ मतदानापुरता उरला. परंतु या अधोगतीचे मुख्य साधन हिशेबावरील अंधार हे होते. वार्षिक सभेत मिनिटभरात मंजूर होणारा ताळेबंद सभासद कधी वाचत नसे. आज प्रत्येक पेटीचा भाव, प्रत्येक उचल आणि संचालकांच्या नातलगांना दिलेले प्रत्येक कर्ज सभासदाच्या हातातील मोबाइलवर त्याच दिवशी दिसू शकते. ते दिसावे असा नियम करणे आणि तो पाळला जातो की नाही यावर पाळत ठेवणे, हे चळवळीचे काम आहे. तंत्रज्ञान ते आपण होऊन करणार नाही. १९५९ साली गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेला लिज्जतचा उद्योग टिकला, तो पापड लाटणारी प्रत्येक बहीण त्याची मालक राहिली म्हणून; आणि तेव्हा कोणाच्या घरी साधा टेलिफोनही नसावा.

तेव्हा पुढील हंगामात आंबा ऑनलाइन किती विकला गेला याचे आकडे जाहीर होतील, तेव्हा त्यांच्याबरोबर दुसरा एक आकडा मागितला पाहिजे. विकणाऱ्यांपैकी किती जणांनी मोहोराच्या आधी दलालाची उचल घेतली नव्हती? तो आकडा वाढू लागला, तरच कोकणात काही बदलते आहे असे म्हणता येईल. एरवी पेटीवरचा पत्ता तेवढा बदलेल; पट्टी पूर्वीसारखीच दुसऱ्याच्या हातून लिहिली जाईल.