अनंताची पिवळी पाने

आबिड्स हे नाव कोणा बागेवरून पडलेले नाही. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या पदरी असलेल्या अल्बर्ट आबिद यांनी येथे दुकान थाटले आणि त्यांचेच नाव साऱ्या पेठेला चिकटले. परंतु या पेठेच्या आसपासची नावे पाहावीत : जांबाग, बशीरबाग, नामपल्लीचा बाग-ए-आम. हा परिसर एके काळी बागांचा होता, याची साक्ष आता बहुतांशी नावेच देतात. नामपल्लीची बाग सार्वजनिक म्हणून टिकली. इतरत्र दुकाने आली, कचेऱ्या आल्या, मजल्यांवर मजले चढले. अंगणे गेली, पण फुलांची हौस गेली नाही. ती गच्चीवर आणि सज्जात जाऊन बसली. मराठी घराच्या सज्जात तुळशीशेजारी दुसरी कुंडी पुष्कळदा अनंताची असते. आणि त्या अनंताची पाने, खेदाची गोष्ट अशी, की पुष्कळदा पिवळी असतात. या महिन्यात त्या पिवळेपणाचाच विचार करू.

अनंत हे झुडूप बारमाही हिरवे. पान जाड, गर्द आणि तेल लावल्यासारखे तुळतुळीत. फूल उमलते तेव्हा शुभ्र. दुसऱ्या दिवशी त्यावर सायीची झाक येते आणि लवकरच ते पिवळसर होऊन मान टाकते. नाव अनंत आणि आयुष्य दोन दिवसांचे! हिंदीत आणि बंगालीत त्याला गंधराज म्हणतात. मूळचे हे चीन-जपानकडचे. चार्ल्स्टन येथे वैद्यकी करणारे स्कॉटिश डॉक्टर अलेक्झांडर गार्डन यांच्या नावावरून अठराव्या शतकात लिनियसने या कुळीला ‘गार्डेनिया’ हे शास्त्रीय नाव दिले. कॉफी याच्याच गोतातली. केशराला रंग देणारे द्रव्य याच्या एकेरी जातीच्या फळांतही असते. म्हणून चीन-जपानात ती फळे रंगासाठी वापरतात. आपल्याकडची दुहेरी पाकळ्यांची जात मात्र सहसा फळत नाही.

याचे एक चुलत भावंड आपल्याच दख्खनच्या कोरड्या, खडकाळ रानांत वाढते. जुन्या घरांतील औषधांच्या बटव्यात असणारी डिकेमाली ती हीच. तिच्या कोवळ्या शेंड्यांवर साठणारा डीक देशी वैद्यकात जंतांवर वापरतात. ते झाड या मातीत जन्मले आणि तिच्या स्वभावाशी जुळवून घेऊन राहिले. अनंत पाहुणा आहे. त्याला आंबूस, ओलावा धरणारी, तरीही पाणी तुंबू न देणारी जमीन लागते. कोकणच्या जांभ्या मातीत आणि धो-धो पावसात तो निवांत वाढतो, तो त्यामुळेच. हैदराबादेत कोकणच्या तिसऱ्या हिश्शाइतकाही पाऊस पडत नाही.

रोप घेताना एक खबरदारी घ्यावी. दुहेरी तगर आणि अनंत यांत पुष्कळांची फसगत होते. तगरीला तेलुगूत नंदिवर्धनम् म्हणतात. पानाचे देठ मोडून पाहावे : पांढरा चीक आला तर ती तगर, अनंताला चीक नसतो.

आता पिवळेपणाकडे वळू. प्रथम कोणते पान पिवळे झाले आहे ते पाहावे. खालची जुनी पाने थोडीथोडी पिवळी होऊन गळत असतील तर तो निसर्गक्रम होय; सदाहरित झाडही जुनी पाने टाकतेच. खालची पाने एकदम आणि भराभर पिवळी पडू लागली, तर पाणी तुंबते आहे किंवा खत कमी पडते आहे असे समजावे. परंतु शेंड्याचे कोवळे पान पिवळे आणि त्यातल्या शिरा मात्र हिरव्या, असे जाळे दिसू लागले, तर झाडाला लोह मिळत नाही, हे निश्चित.

येथे गंमत अशी, की आपल्या भोवतालची तांबडी माती तांबडी आहे तीच मुळी लोहामुळे. मग झाड उपाशी का राहावे? मातीत आणि पाण्यात चुन्याचा अंश वाढला, की लोह अशा रूपात बांधले जाते की मुळांना ते शोषता येत नाही. ताट वाढलेले आहे, पण घास घशाखाली उतरत नाही, अशी ही अवस्था. अशा वेळी पुष्कळजण खताचा मारा करतात. उपाशी मुलापुढे आणखी चार ताटे ठेवण्यासारखेच ते आहे!

चुना येतो कोठून? मुख्यत्वे पाण्यातून. १९०८च्या मुसी नदीच्या महापुरानंतर बांधलेला उस्मानसागर १९२०मध्ये पुरा झाला, आणि गंडीपेटचे पाणी प्यायलेला माणूस हैदराबाद सोडून जात नाही, अशी म्हण येथे रूढ झाली. आपल्यापैकी अनेकांच्या घराण्यांनी ती खरी करून दाखविली आहे. आज शहराची तहान मांजरा, कृष्णा आणि गोदावरी भागवितात; तथापि अनेक इमारतींत वापरायचे पाणी कूपनलिकेचे असते, आणि कातळातले ते पाणी बहुधा जड असते. बादलीच्या कडेला, नळाच्या तोंडाला पांढरे कीट धरते, तेच रोज कुंडीतही साचत जाते. इंदूर-उज्जैनकडील वाचकांच्या काळ्या मातीत चुना आधीच असतो. तेथे अनंत जमिनीत न लावता कुंडीतच लावणे श्रेयस्कर. शिवाय जुन्या चुनेगच्ची भिंतीचा पायथा, सिमेंटची नवी कुंडी आणि चुलीची राख या तिन्ही गोष्टी अनंताला वर्ज्य समजाव्यात. राख इतर झाडांना मानवेल. याला ती मारक आहे.

उपाय साधे आहेत. कुंडी मातीची, बारा ते चौदा इंची घ्यावी. दोन भाग लाल माती. आणि चांगले कुजलेले शेणखत, पालापाचोळ्याचे खत व नारळाच्या काथ्याचा भुसा प्रत्येकी एक भाग, असे मिश्रण करून त्यात चमचाभर गंधकाची भुकटी मिसळावी. ती हळूहळू मातीचा आंबूसपणा वाढविते. वर वाळलेल्या पानांचे आच्छादन ठेवावे. गच्चीवरचे पावसाचे पाणी, पहिल्या सरीनंतरचे, पिंपात झाकून ठेवावे आणि ते अनंतासाठी राखावे. त्याच्यासारखे दुसरे औषध नाही. ते संपले की नळाचे गोडे पाणी द्यावे.

रोग जडलाच असेल तर हिराकस वापरावा. एक लिटर पाण्यात लिंबाचे चार थेंब पिळून त्यात दोन-तीन ग्रॅम हिराकस विरघळवावा आणि सायंकाळी पानांवर फवारावा. पंधरा-पंधरा दिवसांनी तीन वेळा पुरे. खडे हिरवट असावेत. तपकिरी झालेला हिराकस निरुपयोगी. द्रावण ताजेच वापरावे, फरशीवर सांडू देऊ नये आणि पुडी मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. गुण आला की नाही हे जुन्या पानांवरून ठरवू नये. नवा फुटवा हिरवा आला, की झाड सावरले असे समजावे.

कळ्या गळणे ही दुसरी तक्रार. कळी धरण्यास रात्री गार लागतात, आणि हैदराबादच्या हिवाळ्यात त्या मिळतात. घात होतो तो उन्हाळ्यात. सकाळचे ऊन अनंताला मानवते. चैत्र-वैशाखात अकरानंतर सावली हवी. गच्चीची फरशी तापते, म्हणून कुंडी विटांवर ठेवावी. कळ्या दिसू लागल्या की कुंडीची जागा बदलू नये आणि पाण्यात खंड पडू देऊ नये. आज कोरडी ठणठणीत, उद्या चिखल, हे कळ्यांना सोसत नाही. पानांवर काजळी दिसली आणि मुंग्यांची ये-जा वाढली, तर पिठ्या ढेकूण किंवा मावा शोधावा. लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि थोडे साबणाचे पाणी मिसळून फवारावे. छाटणी करायची ती बहर संपताच. उशिरा केल्यास पुढच्या बहराच्या कळ्याच छाटल्या जातात.

शाळेत इतकी वर्षे मुले पाहिल्यावर या झाडाकडे पाहताना एक विचार टाळता येत नाही. आमच्या घरांत मराठी पुस्तके आहेत, आजीच्या ओव्या आहेत, पंचांग आहे, मासिक येते. म्हणजे मातीत लोह आहे. तरी नातवंडांची मराठी फिकी का पडते? बाहेरच्या पाण्याचा गुण निराळा आहे. तेलुगू, उर्दू, इंग्रजी या पाण्यावरच त्यांना जगायचे आहे आणि ते त्यांनी भरपूर प्यावे. परंतु ‘तुला मराठी येत नाही’ असे रागावून, सुटीत एकदम दहा पुस्तके पुढ्यात टाकून पान हिरवे होत नाही. रोज जेवताना अर्धा तास घरच्या बोलीत, चुका न काढता बोलणे, हे पिंपात साठविलेल्या पावसाच्या पाण्यासारखे आहे. थोडे असते, पण अंगी लागते.

मृगाच्या सरी आल्या की अनंताची गुटी बांधावी. पेन्सिलीएवढ्या जाड फांदीची बोटभर साल गोल काढावी, ओले शेवाळ लावून वर प्लॅस्टिक घट्ट गुंडाळावे. दीड-दोन महिन्यांत मुळ्या दिसतात. मग खालून कापून रोप कुंडीत लावावे, महिनाभर सावलीत जपावे आणि शेजारच्या घरी द्यावे. देताना पाण्याची गोष्ट तेवढी आवर्जून सांगावी; एरवी दुसऱ्या वर्षी तेथेही पाने पिवळीच दिसतील.