परसातली आग आणि आपला शिवार

फेब्रुवारी लागला की जुन्नर-आंबेगावात दोन तऱ्हेचा धूर दिसू लागतो. एक डोंगरावरच्या वणव्याचा. त्याचा फोटो पेपरात येतो. दुसरा आपल्या परसातला. पाला, प्लॅस्टिकच्या पिशव्या, जुन्या वह्या, एखादी तुटकी चप्पल. त्याची बातमी होत नाही, कारण काडी लावणारे आपणच असतो.

कायदा दोन्हीकडे आहे. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली. साधा कचरा जाळला तर ५,००० रुपये, मोठ्या प्रमाणात जाळला तर २५,००० रुपये दंड. राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या कलम २६ खाली गुन्हा आहे. याच कलमातली एक तरतूद तर ग्रामसभेत वाचून दाखवायला हवी: आग मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने लागली असेल, तर सरकार त्या जंगलातले चराईचे आणि वनोपजाचे हक्क काही काळ बंद करू शकतं. डोंगर जाळला की गवत चांगलं येतं, असं म्हणत एकजण काडी टाकतो आणि गुरं सगळ्या गावाची अडतात.

उसाच्या फडाचंही तेच. एप्रिल २०१९ मध्ये आंबेगाव तालुक्यात अवसरीच्या बाजूला फडात लावलेल्या आगीत बिबट्याचे पाच बछडे जळून मेले. बिबट्याची मादी उसातच विते, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. तरी पाचट पेटवलं जातं. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो जिवाणू संवर्धक टाकलं की ते शेतातच कुजतं. खत विकत आणायचं आणि घरचं जाळायचं, हा हिशेब मला कधी कळला नाही.

मग आग लावूच नये का? तसं मी म्हणणार नाही. आहुपे, भीमाशंकरकडचा आदिवासी शेतकरी भाताच्या रोपासाठी राब भाजतो. तो वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवतो, म्हणजे आग रांगत जाते, धावत नाही. आजूबाजूचं गवत आधी काढतो, हाताशी ओल्या फांद्या ठेवतो आणि आग विझेपर्यंत जागा सोडत नाही. आपण शिकलेले लोक मात्र मगरिबच्या सुमाराला ढीग पेटवून घरात जातो. मदिनेत एका रात्री एक घर माणसांसकट जळालं, तेव्हा प्रेषितांनी (स.) आगीला शत्रू म्हटलं आणि झोपण्याआधी ती विझवायला सांगितलं. हे आपण मुलांना पाठ करून घेतो; परसातल्या धुमसत्या ढिगापर्यंत ते पोहोचत नाही.

दंडाबद्दल मात्र माझी एक हरकत आहे. परस झाडते घरातली बाई. घंटागाडी बाजारपेठेत फिरते, वाडीवस्तीवर येत नाही. मग त्या बाईने पिशव्या कुठे टाकायच्या? पाल्याला परसात एक खड्डा पुरतो, प्लॅस्टिकला नाही. ग्रामपंचायतीने आठवड्यातून एक दिवस वस्तीवर सुका कचरा उचलावा, तो वार मशिदीत आणि मंदिरात दोन्हीकडे सांगावा. पावतीपुस्तक त्यानंतर काढावं.